बिनलेखकाचं पुस्तक

बिभीषण सुरवसे हा आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातला परिचर. म्हणजे शिपाईच, फक्त पुस्तकांमधला. मी त्याच कॉलेजात वाणिज्य शाखेच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो. त्याच्याबद्दल जे सांगणार आहे त्यात माझी बाजू चांगली दिसावी म्हणून मी काही झाकणार नाही. झाकलं तरी ती चांगली दिसणार नाही.

कॉलेज जामखेडहून खर्ड्याकडे जाताना माळावर आहे. मुलं आसपासच्या वीस-पंचवीस गावांतली. निम्मी एसटीने येतात, निम्मी जीपला लोंबकळून. मी मूळचा नगरजवळच्या भिंगारचा. शनिवारी दुपारी घरी पळतो आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत येतो. एकवीस वर्षं झाली, पण इथला झालो नाही. बिभीषण इथलाच. तो याच कॉलेजात बी.कॉम.ला होता आणि पहिल्याच वर्षी संख्याशास्त्रात दोनदा नापास झाला. त्या विषयाचं एकच मराठी पुस्तक ग्रंथालयात होतं आणि ते वर्षभर एका सरांच्या पुतण्याच्या घरी होतं. मग वडिलांनी संस्थेच्या एका संचालकाचे पाय धरून पोराला त्याच ग्रंथालयात चिकटवलं. कामावर लागल्यावर पहिल्याच आठवड्यात ते पुस्तक परत आलं. पानं एकमेकांना चिकटलेली, कुणी उघडलेलंसुद्धा नव्हतं. जागेवर ठेवायला ते बिभीषणच्याच हाती आलं. हे त्यानेच मला सांगितलं आणि सांगताना हसत होता.

पुढे त्याने नोकरी करत बाहेरून परीक्षा दिल्या. बी.कॉम. झाला, एम.कॉम. झाला. कॉलेजने त्याचं अभिनंदन केलं आणि पुन्हा त्याच कपाटांची धूळ पुसायला पाठवलं. आमच्याकडे शिपायाने शिकावं, पण शहाणं होऊ नये.

तो शहाणा झाला, हीच खरी अडचण. दुपारी वाचनकक्ष रिकामा झाला की तो मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत बसायचा. सहा वर्षं बसला. त्यातून संख्याशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक झालं, पहिल्या वर्षाचं, सरळ मराठीतलं, दोनशे दहा पानांचं. ते त्याला विकायचं नव्हतंच. दुसऱ्याच पानावर त्याने लिहिलं होतं : ‘हे पुस्तक कुणीही छापावं, वाटावं, त्यात बदल करावा. विचारायची गरज नाही.’ जगात अशी पुस्तकं असतात, शिकवणारेच ती लिहितात आणि सगळ्यांसाठी खुली ठेवतात, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. इंग्रजीत ढिगाने आहेत, मराठीत का नाहीत, एवढाच त्याचा प्रश्न होता.

आता पुस्तक आहे म्हणून ते मुलांच्या हाती पडतं असं नाही. ते ‘लागावं’ लागतं. सरांनी वर्गात सांगितलं पाहिजे, की आपण हे पुस्तक वापरणार. सरांनी एकदा नाव घेतलं, की मुलं दुसऱ्या पुस्तकाकडे ढुंकून बघत नाहीत. त्यामुळे दर जूनमध्ये बिभीषण पेनड्राइव्ह आणि एक छापील प्रत घेऊन स्टाफरूममध्ये यायचा. खुर्चीवर बसायचा नाही. उभ्या उभ्याच बोलायचा.

‘सर, एकदा बघा तरी. मुलांना मोबाईलवर फुकट मिळंल. न्हाई आवडलं तर सांगा काय बदलू.’

आम्ही काय सांगितलं ते लिहायलाही लाज वाटते. फुकट मिळालेल्याची मुलांना किंमत नसते, असं एकाने सांगितलं. अर्थशास्त्राच्या दमयंती मॅडम म्हणाल्या, की पुस्तक विद्यापीठाच्या यादीत नाही, उद्या कुणी विचारलं तर? बिभीषणने खिशातून अभ्यासक्रमाचा कागद काढला आणि यादीखालची ओळ दाखवली. यादी फक्त सुचवण्यापुरती आहे, शिक्षक दुसरं पुस्तक वापरू शकतात. मॅडमनी चष्मा लावून ओळ वाचली आणि म्हणाल्या, ‘असं कसं लिहितात हे लोक?’ मी तर सगळ्यांच्या वर. मी म्हणालो, ‘बिभीषण, उद्या तू आमचे तासही घेशील.’ सगळे हसले. तोही हसला आणि प्रत घेऊन गेला. पुढच्या जूनमध्ये पुन्हा आला.

तीन वर्षं असं झालं. प्रत्येक वेळी तो आणखी थोडा वाकून उभा राहायचा. तिसऱ्या वर्षी मला त्याचा रागच आला. माणूस इतका मागे लागला, की आपल्याला आपला आळस दिसायला लागतो आणि मग आपण त्याच्यावरच खेकसतो. मी खेकसलो.

चौथ्या वर्षी जूनमध्ये तो आला तेव्हा प्रतीच्या पहिल्या पानावरून त्याचं नाव गायब होतं. ‘लेखक’ असं लिहून पुढे नुसती टिंबं टाकली होती.

‘हे काय?’

‘सर, मी लई विचार केला. पुस्तकावर नाव असल्याबिगर आपल्याकडं कुनी पुस्तक लावत न्हाई. मग ज्यांना लावायचं त्यांनी आपापलं नाव घालावं. तुमी लावलं तर तुमचं. दुसऱ्या कॉलेजात दुसऱ्यांचं. माझं कशाला पायजे तिथं?’

तो चूक बोलत नव्हता. आमच्याकडची रीतच ती आहे. नगरहून सुनील नावाचे एक प्रकाशन प्रतिनिधी दर जूनला मोटरसायकलवर गठ्ठा बांधून येतात. नमुना प्रती वाटतात, चहा पाजतात आणि विचारतात, ‘सर, यंदा नाव घालायचं का?’ ज्या कॉलेजात पुस्तक खपवायचं, तिथल्या सरांचं नाव लेखकांत टाकायचं. त्यांनी ओळ लिहिली नसली तरी बिघडत नाही. शंभर पानांच्या पुस्तकावर मी सात लेखक पाहिलेत. आपलं नाव असलेलं पुस्तक सर वर्गात लावणारच, हे प्रकाशकाला पक्कं ठाऊक असतं. बिभीषण आमची ही खोड वीस वर्षं बघत होता आणि त्याने तिचाच उपयोग करायचं ठरवलं. कॉलेजबाहेरच्या कुठल्या माणसाला हे सुचलं नसतं आणि कुणी केलंही नसतं.

मी प्रत ठेवून घेतली. भिंगारला नेली आणि रविवारी उघडली. दोन तासांत मिटणार होतो, रात्री जेवायला बोलावलं तेव्हाही वाचतच होतो. मध्यगा, म्हणजे मीडियन, शिकवायला त्याने जामखेड आगाराची गाडी रोज किती मिनिटं उशिरा येते ते घेतलं होतं. प्रमाण विचलनासाठी दोन गावांचं दूध होतं : दोन्हीकडे फॅटची सरासरी सारखी, पण एका गावात सगळ्यांचं दूध बरं आणि दुसऱ्या गावात काहींचं घट्ट, काहींचं नुसतं पाणी. पावसाचं उदाहरण तर मी कधी विसरणार नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या, घाटाकडच्या अकोले तालुक्याचा पाऊस आणि जामखेडचा पाऊस एकत्र करून जिल्ह्याची सरासरी काढायची आणि मग मुलांना विचारायचं, हा एवढा पाऊस नक्की कुठल्या गावात पडला? कुठल्याच नाही. सरासरी खोटं बोलत नाही, पण ती कुणाचीच नसते, हे मी एकोणीस वर्षं शिकवत होतो आणि त्या रविवारी मला पहिल्यांदा कळलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला मत्सर वाटला. माझ्याकडे पीएच.डी. आहे, वेळ होता, उन्हाळ्याची सुट्टी होती, आणि पुस्तक लिहिलं शिपायाने.

सोमवारी मी त्याला सांगितलं, ‘लावतो.’ तो दाराची कडी धरून उभा राहिला. मग ‘खरंच, सर?’ असं दोनदा विचारलं. टिंबांच्या जागी माझं नाव त्यानेच टाइप केलं, पदवीसकट. मी नको म्हणालो नाही. वर्गापुरतं तर आहे, असं मनाशी म्हणालो.

ते वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. मुलं वर्गात भांडायला लागली. आमच्या गावच्या डेअरीत असं नाही, सर, तुम्ही येऊन बघा. बिभीषणने बारा झेरॉक्स प्रती काढून, स्पायरल लावून वाचनकक्षात ठेवल्या आणि बाकीच्यांना मोबाईलवर फाईल पाठवली. कॉलेजच्या वेबसाईटवरही ती चढवून घेतली. दर वर्षी या विषयात निम्मा वर्ग आडवा व्हायचा. त्या वर्षी नऊ जण राहिले. निकालाच्या दिवशी बिभीषणने सगळ्या स्टाफला पेढे वाटले. कुणी विचारलं, कशाचे? तो म्हणाला, ‘सरांचा निकाल चांगला लागला म्हनून.’

पेढा खाताना सुनील प्रतिनिधी तिथेच होते. त्यांनी फाईल मागून घेतली, चाळली, आणि मला बाजूला घेतलं. ‘सर, एवढं चांगलं पुस्तक लिहिलंत आणि असं उघड्यावर टाकलंत? छापूया. आयएसबीएन नंबर मिळेल. तुमची प्रोफेसरपदाची मुलाखत यायचीय ना?’

यायची होती. पुस्तकाविना माझे गुण कमी पडत होते. मी म्हणालो, ‘मूळ मजकूर आमच्या ग्रंथालयातल्या एकाने...’ सुनीलनी दुसरं पान उघडलं. ‘हे बघा, त्यानेच लिहिलंय. कुणीही छापावं, विचारायची गरज नाही. मग प्रश्न कुठे येतो?’

प्रश्न कुठे येतो ते मला चांगलं ठाऊक होतं. मी करारावर सही केली. आयत्या बिळावर नागोबा, हे मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलेलं आहे.

पुढच्या जूनला गठ्ठा आला. ग्रंथालयात आलेला गठ्ठा बिभीषणच सोडतो. मी त्या दिवशी स्टाफरूममधून हललो नाही. दुपारी तो आला, हातात नवी प्रत घेऊन, आणि त्याच्या चेहऱ्यावर, खरं सांगतो, आनंद होता.

‘सर! छापलं! तुमी बोलला न्हाई मला. मुखपृष्ठ झक्कास झालंय. पान त्रेचाळीसला एक बेरीज चुकलीय, ती माझीच हुती, दुसऱ्या आवृत्तीत तेवढी दुरुस्त करून घ्या.’

एवढं बोलून त्याने पान उलटलं. दुसऱ्या पानावर त्याने लिहिलेलं वाक्य नव्हतं. तिथे ‘सर्व हक्क राखीव’ होतं, आणि खाली किंमत, तीनशे पंचवीस रुपये. तो ते बराच वेळ वाचत राहिला. मग म्हणाला, ‘हे छपाईवाल्यांनी चुकून टाकलं आसंल.’

मी म्हणालो, ‘बघतो मी.’

तो मात्र नव्या मुलांना फाईलसाठी कॉलेजच्या वेबसाईटचाच पत्ता देत राहिला. नव्या वर्गात मोनिका नावाची एक मुलगी होती, खर्ड्याच्या पलीकडच्या वस्तीवरची. वडील नव्हते, आई दुसऱ्याच्या रानात कामाला जायची. ती रोज शेवटच्या गाडीपर्यंत वाचनकक्षात बसायची आणि स्पायरलवाल्या प्रतीतली गणितं सोडवायची. बिभीषण तिला शिकवायचा नाही, नुसता शेजारच्या कपाटाशी काहीतरी करत उभा राहायचा. ती अडली, की त्याच्याकडे बघायची आणि तो अर्धं वाक्य सांगायचा.

ऑगस्टमध्ये प्रकाशकाचं पत्र प्राचार्यांना आलं. आपल्या महाविद्यालयाच्या वेबसाईटवर आमच्या पुस्तकाची बेकायदा प्रत आहे, ग्रंथालयात झेरॉक्स वाटल्या जातात, आठ दिवसांत थांबवा, नाहीतर कारवाई करू. प्राचार्यांनी बिभीषणला केबिनमध्ये बोलावलं आणि मलाही बोलावलं. मी बसलो. तो उभा होता.

‘सुरवसे, सरांच्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून तुम्ही वाटता?’

‘साहेब, ते पुस्तक...’ एवढं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला फार काही नको होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी टेबलाच्या काचेखालचं सुट्ट्यांचं पत्रक वाचत होतो. पोळा, गणेश चतुर्थी, घटस्थापना.

प्राचार्य माझ्याकडे वळले. ‘सर, हे लिखाण तुमचंच ना?’

मी ‘हो’ म्हणालो.

बिभीषणकडे काय पुरावा होता? स्टाफरूममधल्या कुणी त्याची प्रत उघडलीसुद्धा नव्हती, साक्षीला कोण येणार? फाईलवर माझं नाव त्यानेच घातलेलं. नोकरी जाईल ही भीती तर होतीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो, आणि मारणारा मी होतो. तो म्हणाला, ‘चूक झाली, साहेब. लिहून देतो.’

त्याने तिथेच माफीचा कागद लिहिला. अक्षर सुंदर होतं. ‘सरांच्या परवानगीशिवाय त्यांच्या पुस्तकाच्या प्रती काढल्या, पुन्हा असे होणार नाही.’ वेबसाईटवरची फाईल त्याच्याच हाताने काढायला लावली. वाचनकक्षातल्या बारा प्रती प्राचार्यांच्या कपाटात गेल्या. त्यांच्या जागी माझ्या पुस्तकाच्या पाच प्रती आल्या, वर्गात एकशे दहा मुलं.

केबिनमधून बाहेर आल्यावर मला पळून जायचं होतं. तो माझ्याबरोबर व्हरांड्यातून चालत राहिला. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते.

‘सर, मी मुद्दाम काही बोललो न्हाई,’ तो म्हणाला. ‘बोललो आसतो तर वाद झाला आसता आन पुस्तकच बंद पडलं आसतं. निदान लागलंय तर.’

मी म्हणालो, ‘बिभीषण, तू रागावला असशील.’

‘रागावून काय करू? राग पोरांच्या कामाचा न्हाई.’ मग तो व्हरांड्यातच थांबला. ‘सर, उद्यापास्नं पोरं फाईल इचारायला येतील. मोनिका रोज इचारंल. मी काय सांगू त्यांना? तुमच्या पाया पडतो, पायजे तर लिहून देतो, की मी त्यातली एक ओळ लिहिली न्हाई. नाव तुमचंच राहू द्या, जन्मभर राहू द्या. फकस्त ती फाईल पोरांना देऊ द्या.’

दुसऱ्या दिवशी तो एक अर्ज टाइप करून घेऊन आला. मी, पुस्तकाचा लेखक, या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हे पुस्तक विनामूल्य वापरायला परवानगी देतो. खाली माझं नाव. स्वतःचं पुस्तक वाटायची परवानगी तो माझ्याकडे मागत होता आणि ती देण्याचा अधिकार आता खरोखरच माझ्याकडे होता. निदान मागण्याचा तरी. सुनीलना एक फोन केला असता तर आमच्या एका कॉलेजापुरतं ते नाही म्हणाले नसते. मी चिडलो असतो तर नक्कीच नाही.

पण मुलाखत जवळ आली होती. आता कुठे काही हललं आणि कुणी विचारलं, की एकाच पुस्तकाचं हे काय प्रकरण आहे, तर? मी त्याला म्हणालो, ‘माझी मुलाखत होऊ दे. मग बघू.’

‘कधी हाय?’

‘दिवाळीनंतर होईल. फार तर जानेवारी.’

‘परीक्षा नोव्हेंबरात हाय, सर.’

‘माहीत आहे मला,’ मी ओरडलो. राग त्याच्यावर नव्हता, पण ओरडलो त्याच्यावरच.

त्यानंतर त्याने विचारलं नाही. मी ग्रंथालयात गेलो, की तो उठून उभा राहायचा, खुर्ची पुढे करायचा, हवं ते पुस्तक काढून द्यायचा. मोनिका एका प्रतीसाठी नंबर लावून बसलेली असायची. प्रत मिळाली, की वहीत गणितं उतरवून घ्यायची, कारण पुस्तक घरी नेता येत नव्हतं. एकदा मी तिला म्हणालो, ‘काही अडलं तर मला विचार.’ ती म्हणाली, ‘हो सर.’ तिने कधी विचारलं नाही. मी वर्गात पावसाचं उदाहरण शिकवलं. चांगलं शिकवलं. मुलं हसली. मला वाटलं, आता इथेच थांबून सांगावं, की हे कुणाचं आहे. घंटा झाली आणि मी खडू ठेवला.

नोव्हेंबरात परीक्षा झाली. जानेवारीत मुलाखत झाली. समितीतल्या एका गृहस्थांनी माझं पुस्तक उघडलं आणि म्हणाले, ‘उदाहरणं अगदी मातीतली आहेत. कसं सुचलं?’ मी म्हणालो, ‘वीस-बावीस वर्षं त्या भागात राहतोय.’

मी प्रोफेसर झालो. ते पत्र घेऊन कॉलेजात गेलो त्याच आठवड्यात निकाल लागला होता. संख्याशास्त्रात एकसष्ट मुलं राहिली. त्यात मोनिका होती, तीन गुणांनी.

मी ग्रंथालयात गेलो. त्याचा अर्ज इतके दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. तो काढला, सही केली, तारीख घातली आणि त्याच्यासमोर ठेवला. बिभीषणने तो उभ्या उभ्या वाचला. मग म्हणाला, ‘लई बरं झालं, सर. मोनिकाला द्यायला पायजे हुता.’

‘मग दे ना. बोलव तिला. मी स्वतः शिकवतो, पुन्हा बसेल परीक्षेला.’

‘ती दाखला घेऊन गेली, सर. परवा. पुण्याकडं कुठंतरी कामाला लावलीय म्हनं तिच्या मामानं.’ त्याने अर्जाची घडी घातली आणि तो मला परत दिला. ‘दाखल्याआधी ग्रंथालयाची सही लागती ना, काही पुस्तक बाकी न्हाई म्हनून. ती मीच केली.’